फॉर्म तू भर

प्रिय पोरी,

परवा तू डिप्लोम्याच्या आणि टूलरूमच्या (जिथे डाय, साचे बनवतात) कोर्सच्या, अशा दोन्ही फॉर्मचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, 'मावशी, मुलाखतीत काय विचारतील?' मुलाखतीचं मागाहून बघू. आधी हे सांग, हे फॉर्म भरले कोणी?

त्रिमूर्ती चौकातल्या नेटवाल्याने, हे दिसतंच आहे. डिप्लोम्याच्या पसंतीक्रमात पहिले तीन कॉम्प्युटर, मग आयटी, आणि नाशिकच्या सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातलं मेकॅनिकल पार खाली. टूलरूमच्या कोर्सच्या फॉर्मवर छंद काय, तर वाचन, संगीत, समाजसेवा. समाजसेवा! आठवीपासून वडिलांच्या अंबडच्या शेडमध्ये कानस घेऊन बर, म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेची धारदार कुसं, काढत बसणारी मुलगी तू. त्या फॉर्ममधली मुलगी कोण आहे, मी तरी तिला ओळखत नाही.

तंत्रनिकेतनाला मुलाखत नसते. दहावीचे गुण आणि तू लावलेला क्रम, एवढंच तिथे बघतात. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्यांत तुझं नाव येत नाही. म्हणजे नेटवाल्याने वर टाकलेलं कॉम्प्युटर मिळालं की तू अडकलीस. कटऑफ बघून क्रम लावू नकोस. जे खरंच हवं ते वर लिही. ते नाही मिळालं तरी खालच्या पर्यायांवरचा तुझा हक्क जात नाही. हे त्या नेटवाल्या मुलालाही ठाऊक असेल, पण त्याच्या दाराशी रांग असते आणि सगळ्यांचा क्रम तो एकाच साच्यातून काढतो. फॉर्म अजून कन्फर्म केला नसशील तर आजच बस आणि स्वतः भर. स्कॅन आणि अपलोड त्याच्याकडून करून घे हवं तर.

आता टूलरूमची मुलाखत. आमच्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरला मुलं घ्यायची तेव्हा पॅनेलवर ड्रॉइंग ऑफिसमधून मला बसवायचे. पॅनेलवाल्यांच्या हातात काय असतं? तुझा फॉर्म. मुलगा आत येऊन खुर्ची ओढेपर्यंत आम्ही तो वाचत असतो आणि पहिला प्रश्न त्यातूनच निघतो. एकाने छंदात पोहणं लिहिलं होतं. आमच्या एका साहेबांनी सहज विचारलं, कुठे पोहतोस? पोरगं पंचवटीतलं, गोदावरी घराजवळ, पण पाण्यात कधी उतरलेलंच नाही. तिथून पुढे त्याला स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येईना. दुसऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, बंद घड्याळं उघडते. परत लावता येतात का, विचारलं. 'नाही, एक स्प्रिंग उडून गेली ती सापडलीच नाही,' म्हणाली. मग तिच्याशी आम्ही इतका वेळ बोलत बसलो की बाहेरची मुलं कंटाळली.

तिला घेतलं नाही आम्ही. लेखी परीक्षेत कमी पडली. पोहणाऱ्याला घेतलं. हे मुद्दाम सांगतेय, नाहीतर तुला वाटेल मावशी खरं बोलण्याची बक्षिसं वाटतेय. बक्षीस नाही मिळत पोरी. तरी फॉर्म तूच भर.

माझा फॉर्म दादाने भरला होता. मला आयटीआयला मशिनिस्ट हवा होता. त्याने ड्राफ्ट्समन मेकॅनिकल लिहिलं, खुर्चीतलं काम म्हणून. अख्खी नोकरी मी डायची, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या पोलादी साच्यांची, ड्रॉइंगं काढली. टूलरूममधली पोरं माझ्या कागदावरून पोलाद कापायची आणि मी काचेपलीकडून बघायची. नोकरी टिकली, सिडकोत घर झालं, त्यामुळे दादाचं चुकलं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. मीही त्याच्यासमोर कधी म्हटलं नाही. पण मिलिंग मशीनचं हँडल फिरवायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून मी कोणाचा फॉर्म भरून देत नाही. ताईच्या मुलाचा दिला नाही, त्याने आज-उद्या करत तारीख घालवली आणि वर्ष गेलं. ताई अजून हळदीकुंकवालासुद्धा ते बोलून दाखवते. बोलू दे. वर्ष त्याचं गेलं हे खरं, पण पुढच्या वर्षी त्याने स्वतः बसून क्रम लावला. मी भरून दिला असता तर आज बिनसल्यावर माझ्याच नावाने बोटं मोडली असती. मला त्यात आजही काही वावगं वाटत नाही.

असो. तयारीचं म्हणशील तर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' पाठ करून जाऊ नकोस. मराठीत बोलू का, असं सरळ विचार, टूलरूमवाले सहसा नाही म्हणत नाहीत. घरातली स्टीलची वाटी समोर ठेव आणि ती कशी झाली ते मोठ्याने सांगून बघ. पत्र्यातून गोल चकती कापली, ते ब्लँकिंग. ती पंच (वरून दाबणारा ठोकळा) आणि डायमध्ये दाबून खोल केली, ते ड्रॉइंग, कागदावरचं नव्हे, पत्रा ओढण्याचं. वरची वेडीवाकडी कड छाटली, ते ट्रिमिंग. ओढताना पत्रा तळाशी फाटतो कधी आणि कडेला सुरकुत्या पडतात कधी, हे वडिलांना विचार. वडिलांकडे नक्की एखादा फाटका पीस पडलेला असेल, तो हातात घेऊन बघ. वर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वात लहान माप, 0.02 मिलिमीटर, साध्या मायक्रोमीटरचा 0.01, हे तुला पाठ आहे. वडिलांचा वर्निअर घेऊन वाटीच्या कडेची जाडी मोज, मग बाजूची खाली तळाजवळ मोज, फरक का आला ते सांगता येतं का बघ. एवढं जमलं तर बाकीचं पॅनेलच तुझ्याकडून बोलवून घेईल.

आणि शेवटी 'तुला काही विचारायचंय?' म्हणतील, तेव्हा मान हलवून उठू नकोस. या टूलरूमच्या डिप्लोम्यावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का, ते विचार. नुसतं संस्थेचं सर्टिफिकेट असेल तर तो रस्ता बंद होऊ शकतो. सोडून गेलं तर फी किती परत मिळते तेही विचार. लाजू नकोस, पैसे तुझ्या वडिलांचे आहेत. नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाईल आत्ताच बघून ठेव, ऐन वेळी सेतू कार्यालयात जत्रा असते.

कॉम्प्युटर हवं असेल तर तसं लिही. मला खरंच चालेल, मी टूलरूमवाली म्हणून तू टूलरूमच घे असं नाही. फक्त ते तुझं असू दे, त्रिमूर्ती चौकाचं नको. रविवारी वाटल्यास दोन्ही फॉर्म घेऊन ये, मी वाचेन, खोडणार काही नाही. वडिलांना क्रम पटला नाही तर मी फोन करेन त्यांना, पण आधी तू सांगितलेलं असलं पाहिजे.

तुझी,
मावशी