वाचकांचे प्रश्न : तिरप्या पायांची खुर्ची आणि इतर

प्रश्न : माझे वडील सरकारी खात्यात अभियंता होते. त्यांच्या कार्यालयातील जुने सामान लिलावात निघाले, तेव्हा त्यांनी हात असलेल्या दोन सागवानी खुर्च्या घेतल्या. बैठक आणि पाठ वेताने विणलेली आहे व पाय तिरपे आहेत. माझा भाचा म्हणतो, की ही ‘चंदीगड चेअर’ असून परदेशात तिला लाखांत किंमत येते. आमचा सुतार म्हणतो, की सगळे पॉलिश घासून काढू, वेत फेकून देऊ आणि फोम घालून रेक्झिन लावू. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, नागपूर

उत्तर : सुताराला आज थांबवा, भाच्याला समजावायला सवड काढता येईल. वेत एकदा काढून फ्रेमवर फोम ठोकला, की विणीसाठी पाडलेली छिद्रे खिळ्यांनी फुटतात आणि मग मागे परतणे अवघड होते.

आता भाच्याच्या म्हणण्याकडे वळू. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून चंदीगड वसवण्याचे ठरले. पहिला आराखडा करणाऱ्यांपैकी मॅथ्यू नोविकी हे 1950 मध्ये विमान अपघातात गेले आणि काम वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. कॉर्बुझिए वर्षातून काही आठवडे येत. प्रत्यक्ष राहून शहर उभे केले ते त्यांचे चुलत नात्यातील भाऊ पिएर जान्नरे यांनी. ते 1951 पासून 1965 पर्यंत चंदीगडमध्ये होते, 1967 मध्ये जिनिव्हात वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या. ह्या शहराचे श्रेय वाटताना त्यांच्या वाट्याला नेहमीच कमी आले, असे माझे मत आहे.

नव्या शहरात सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये, वसतिगृहे आणि कारकुनांपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांची घरे एकाच वेळी उभी राहत होती आणि त्या सगळ्यांत बसायला काहीतरी हवे होते. हेच जान्नरे 1920 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये कॉर्बुझिए आणि फर्निचर रचणाऱ्या शार्लोत पेरियाँ यांच्यासह पोलादी नळ्यांच्या खुर्च्या करत होते. चंदीगडमध्ये त्यांनी पोलादाचा हट्ट धरला नाही. हाताशी सागवान आणि शिसव होते, सुतार होते, वेत विणणारे होते. तेव्हा आकृत्या अशा काढल्या गेल्या, की साध्या कारखान्यातही खुर्ची जमवता यावी. ह्या कामात उर्मिला युली चौधरी यांच्यासारख्या भारतीय वास्तुरचनाकारांचा मोठा वाटा होता, जो लिलावांच्या चकचकीत पुस्तिकांत फारसा दिसत नाही.

चंदीगडच्या कार्यालयीन खुर्चीची ओळख तिच्या बाजूच्या चौकटीत आहे. पुढचा व मागचा पाय वर, हाताच्या पट्टीखाली, एकमेकांना भिडतात आणि खाली फाकतात, जणू कंपासपेटीतले कर्कटक उघडून टेबलावर उभे धरले आहे. बैठक आणि पाठ ह्या दोन चौकटी ह्या दोन बाजूंमध्ये अडकवलेल्या असतात. तुमच्या खुर्चीचे पाय केवळ तिरपे असतील, पण वर एकत्र येत नसतील, तर ती बहुधा त्याच काळातील दुसरी एखादी सरकारी खुर्ची असेल; पन्नास-साठच्या दशकांत तिरप्या पायांचे फर्निचर देशभर होत होते आणि त्यातले पुष्कळ उत्तम होते.

त्यापुढची पायरी म्हणजे खुर्ची उलटी करणे. चंदीगडच्या अनेक खुर्च्यांवर पाठीमागे किंवा खाली खात्याचे नाव आणि सामानाच्या नोंदवहीतला क्रमांक रंगाने उमटवलेला असतो. पण केवळ अक्षरांवर विसंबू नये, कारण नव्या खुर्चीवर जुनी अक्षरे उमटवणे फार सोपे आहे. त्यापेक्षा झीज पाहा. खरी झीज हाताच्या पट्टीच्या पुढच्या टोकाला आणि फरशी पुसताना ओले फडके लागणाऱ्या पायांच्या तळाशी असते. नकली झीज सगळीकडे सारखी असते. मूळ खुर्च्या वेगवेगळ्या कारखान्यांत झाल्यामुळे मापांत थोडाफार फरक आढळतो, म्हणून इंटरनेटवरील छायाचित्राशी अर्धा इंच जुळत नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये.

किमतीचे म्हणाल, तर मोडक्या खुर्च्या भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या, विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि तेथून भाव चढत गेले. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या ह्या वारशाच्या विक्रीला व निर्यातीला मनाई केली आणि शहरातील 12 हजारांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. तरीही परदेशांतील लिलाव थांबले नाहीत, ह्याचे एक कारण असे, की 1972 च्या पुरावस्तू कायद्यात सामान्यतः शंभर वर्षांपूर्वीची वस्तूच ‘पुरावस्तू’ ठरते आणि ह्या खुर्च्यांना अजून तेवढे वय नाही. तुमची खुर्ची तेथून आलेली निघालीच, तर विकण्याआधी वडिलांकडील लिलावाची पावती शोधा आणि वकिलाला विचारा. पावती नसेल, तर भाच्याला सांगा की खुर्ची बसण्यासाठी आहे.

दुरुस्तीबद्दल. एखाद्या झाकलेल्या जागी स्पिरिटचा बोळा घासून पाहा. पॉलिश चिकट झाले, तर ते लाखेचे आहे आणि ते खरवडण्याची गरजच नाही, त्यावर लाखेचाच पातळ हात बसतो. पॉलिश पेपरने सरसकट घासले, की कडांची धार जाते, आणि मागची अक्षरेही जातात. सांधे डुगडुगत असतील, तर खिळे ठोकू देऊ नका. जुना सांधा सरसाने जोडलेला असेल, तर तो गरम पाण्याने सैल होतो, साफ करून पुन्हा जोडता येतो. खिळा मात्र लाकूड चिरतो. वेत तुटला असेल, तर विणणारा शोधा आणि चौकटीला छिद्रे असल्यास छिद्रांतूनच विणून घ्या. बाजारात मिळणारी तयार जाळी खाच पाडून दाबून बसवावी लागते आणि त्यासाठी जुनी चौकट कोरणे हे नुकसानच आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात वेत वाळून तडकतो, तेव्हा अधूनमधून बैठकीच्या खालच्या, चकाकी नसलेल्या बाजूला पाण्याचा हलका हात फिरवावा आणि पूर्ण वाळल्यावरच बसावे. सैल पडलेली वीणही त्याने थोडी आवळते.

प्रश्न : ‘ईम्स खुर्ची’ म्हणून मी ऑनलाइन चार खुर्च्या मागवल्या. प्लॅस्टिकची बैठक आणि लाकडी पाय. मित्र म्हणतो, ह्या नकली आहेत. नकली खुर्ची घरात ठेवणे चूक आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वस्तात मिळाल्या असतील, तर त्या नकलाच आहेत, पण ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, लाज वाटावी ती विकणाऱ्याला. चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकी दाम्पत्याने दुसऱ्या महायुद्धात तेथील नौदलासाठी प्लायवुड वाकवून जखमी पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या केल्या. लाकूड दोन दिशांनी कसे वळवायचे, हे त्यातून त्यांना उमगले. पुढे 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने स्वस्त फर्निचरची स्पर्धा घेतली आणि तिथून निघालेला विचार 1950 मध्ये फायबरग्लासच्या एकसंध बैठकीत उतरला. एक बैठक आणि तिच्याखाली हवे ते पाय, अशी ती कल्पना होती. म्हणजे ही खुर्ची जन्मतःच सामान्य घरासाठी होती. आज अस्सल खुर्ची बहुतेकांना परवडत नाही, ही उलटी गंमत आहे.

तुमच्या खुर्चीत पाहायचे ते नाव नव्हे, तर बैठक आणि पाय जिथे मिळतात ती जागा. मुळात बैठकीच्या खाली रबराच्या जाड चकत्या चिकटवून त्यांत पायांची चौकट अडकवलेली असे, त्यामुळे मागे रेलले तरी ताण रबर घेई. स्वस्त नकलेत पुष्कळदा स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये शिरतो आणि चिरा त्याच ठिकाणाहून सुरू होतात. महिन्यातून एकदा खुर्ची पालथी करून स्क्रू तपासा, चीर दिसली तर त्या खुर्चीवर लहान मुलांना उभे राहू देऊ नका.

तुम्ही ‘ईम्स’ हे नाव भारतात कसे परिचित झाले, असेही विचारले आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून हे दाम्पत्य येथे फिरले आणि 1958 मध्ये त्यांनी एक अहवाल दिला, त्यातून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वाधिक कौतुक केले ते आपल्या लोट्याचे. तो कडेवर कसा बसतो, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, किती पाणी मावते, हे प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याबद्दल विचारले. तेच प्रश्न खुर्चीला विचारले, तर अस्सल-नकलीचा वाद बराच मागे पडतो.

प्रश्न : सासूबाईंच्या काळातील जेवणाच्या टेबलावरचा फिकट हिरवा सनमायका कडेने सुटला आहे. तो काढून नवा लावावा का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काढू नये. असा पत्रा म्हणजे राळेत भिजवलेल्या कागदांचे थर उष्णतेने व दाबाने एकजीव केलेले असतात. तो कुजत नाही, सुटतो तो खालचा गोंद. सुटलेल्या भागाखालची धूळ ब्रशने काढा, दोन्ही पृष्ठांना रबरी गोंद लावून तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. खालचे लाकूड पाण्याने फुगले असेल, तर मात्र आधी ते बदलावे लागेल. तो फिकट हिरवा रंग आज बाजारात मिळणे कठीण आहे.

प्रश्न : मुंबईत एक इराणी हॉटेल बंद झाले, तेव्हा तेथील गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मी घेतली. ही ‘मिड-सेंच्युरी’ म्हणता येईल का? ती थोडी हलते, ती कशी घट्ट करावी? — एक वाचक, दादर

उत्तर : ‘मिड-सेंच्युरी’ म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यातील, साधारण 1945 ते 1970 च्या दरम्यानची. तुमच्या खुर्चीचा नमुना त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा आहे. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी बीच ह्या युरोपीय झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवण्याची रीत बसवली. लाकडाच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळल्यामुळे तंतू ताणून फाटत नसत. 1859 च्या त्यांच्या 14 क्रमांकाच्या खुर्चीत लाकडाचे 6 तुकडे, 10 स्क्रू आणि 2 नट होते, आणि सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. मालवाहू जहाजाने मुंबईपर्यंत खुर्ची येणे परवडले, ते ह्या खोक्यामुळे. 1869 मध्ये त्यांचे पेटंट संपले, मग इतर कारखाने तशाच खुर्च्या काढू लागले. म्हणून तुमच्या खुर्चीवर कोणाचा शिक्का आहे, हे बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला टॉर्च लावून पाहा. शिक्का किंवा कागदी चिठ्ठीचा अवशेष असेल, तर तो पुसू नका. कॉर्बुझिए आणि वर उल्लेखलेले जान्नरे यांनी 1925 च्या पॅरिस प्रदर्शनातील आपल्या घरात ह्याच घराण्याच्या खुर्च्या मुद्दाम मांडल्या होत्या. नव्या घराला योग्य वस्तू आधीच तयार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा तिला ‘मिड-सेंच्युरी’ म्हणू नका, पण आधुनिक खुशाल म्हणा.

हलण्याचे कारण बहुधा बैठकीखालच्या कड्यातील आणि पायांतील स्क्रूंची झिजलेली भोके, हे असते. भोकात सागाची बारीक काडी गोंद लावून बसवा, एक दिवस वाळू द्या आणि मग तोच जुना स्क्रू हाताने पिळा. ड्रिल मशीनने पिळला, तर वाकवलेले लाकूड तंतूंच्या बाजूने चिरते. पाठीचा मोठा वळसा स्वतः सुटला असेल, तर तो घरी ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नका. वाळलेले लाकूड पुन्हा वाकत नाही, मोडते.