शुक्रवारचा दिवा आणि रोजची दहा मिनिटं

प्रश्न: ताई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे, पण मिस्टरांच्या अंबडमधल्या नोकरीमुळे गेली बारा वर्षं नाशिकला आहोत. सासरे होते तोवर दर शुक्रवारी घरात किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरचा आशीर्वाद, व्हायचा. ते गेले आणि हळूहळू सगळंच सुटत गेलं. मला हिब्रू वाचता येत नाही, दोन-तीन प्रार्थना कानावर पडून पाठ आहेत तेवढ्याच. सिनेगॉगला जायचं म्हणजे ठाणं नाहीतर मुंबई, आणि इथे सामूहिक प्रार्थनेला लागणारी आपली दहा माणसं एकत्र येणं मुश्कीलच. मुलगी अकराची, मुलगा सहाचा. परवा मुलगी म्हणाली, मम्मी आपण ज्यू आहोत म्हणजे आपण नक्की करतो काय? मला उत्तर देता येईना. यूट्यूबवर बघून लिस्ट काढली तर दोन पानं झाली. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: ती दोन पानं आधी कपाटात ठेवून द्या. फेकू नका, लागतील पुढे, पण आत्ता नको. मी स्वतः पंचवीस वर्षांपूर्वी असंच सगळं एकदम धरलं होतं, सकाळची पूर्ण प्रार्थना, हिब्रूचा क्लास, किचनमधली भांडी वेगळी, सगळं एकाच महिन्यात, आणि चार महिन्यांत सगळं एकदमच सुटलं. परत उभी राहिले ते फक्त शुक्रवार धरून.

आणि आपल्या लोकांचा इतिहासच बघा ना. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणायचे. का, तर तेलाचा घाणा शनिवारी बंद. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली ही कथा आपण सगळे ऐकत आलोय. त्यानंतर कितीतरी पिढ्या ना रब्बी (धर्मगुरू), ना पुस्तकं, तरी शनिवारची म्हणजे शब्बाथची सुट्टी, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढं टिकलं. सिनेगॉग फार नंतरचं, मुंबईतलं पहिलं १७९६ चं. म्हणजे जे टिकलं ते घरातच टिकलं. मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर हेच आहे, आपण शुक्रवारी संध्याकाळी थांबतो.

तर शुक्रवार. सूर्य मावळायच्या १८ मिनिटं आधी दिवे लावायचे असतात. नाशिकला डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, त्यामुळे फोनवर नाशिक टाकून दर आठवड्याची वेळ बघायची आणि फ्रीजवर लिहून ठेवायची, हे काम मुलीला द्या. मेणबत्त्याच पाहिजेत असं नाही, माझी आजी काचेच्या ग्लासात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि वात, असाच दिवा लावायची. दिवा लावून डोळ्यांवर हात धरायचे आणि आशीर्वाद म्हणायचा. हिब्रू येत नसेल तर देवनागरीत लिहून घ्या, वहीत, स्वतःच्या अक्षरात.

किद्दुशसाठी द्राक्षरस लागतो. बाजारातला पॅकबंद रस कोशेर, म्हणजे आपल्या नियमांत बसणारा, आहे का हा प्रश्न येतोच, पण आपल्याकडे ती अडचण आधीच सोडवलेली आहे: काळ्या मनुकांचं शरबत. गुरुवारी रात्री मूठभर मनुका धुऊन भिजत घालायच्या, शुक्रवारी त्याच पाण्यात जरा उकळून, कुस्करून, फडक्यातून पिळून घ्यायच्या, झालं. तुम्ही तर द्राक्षांच्या गावात राहता, मनुका चांगल्याच मिळतील, आणि सहा वर्षांच्या मुलाला कुस्करायचं काम द्या, तो गुरुवारची वाट बघेल. रोट्या दोन, अख्ख्या, तुकडा न मोडलेल्या, कारण रानात शुक्रवारी मान्ना (आकाशातून मिळणारं अन्न) दुप्पट पडायचा त्याची आठवण. घरच्या गव्हाच्या पोळ्या आमच्याकडे चालत आल्यात. भाकरी मात्र नको, हामोत्सीचा आशीर्वाद गहू, सातू अशा पाचच धान्यांच्या रोटीवर असतो, ज्वारी-बाजरी त्यात नाही.

मग मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. मुलाला एफ्राइम आणि मनश्शेसारखा होवो, मुलीला सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखी होवो. हे एवढं एक करा बाकी सगळं चुकलं तरी चालेल, असं मला मनापासून वाटतं, कारण माझ्या वडिलांचा हात मला अजून आठवतो. मिस्टरांना सांगा, लाजू नका, पहिले दोन शुक्रवार अवघडल्यासारखं होतं मग नाही होत.

सहा महिने एवढंच. नंतर शनिवारी रात्रीचा हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याचा विधी, जोडा. तीन तारे दिसल्यावर करतात, पावसाळ्यात नाशिकला तारे कुठले दिसायला, तेव्हा घड्याळ बघूनच. सुवासासाठी आपल्याकडे सब्जाची पानं घेतात, गॅलरीतल्या कुंडीत लावून टाका.

शनिवारच्या शाळेचं तुम्ही लिहिलं नाहीत पण तो प्रश्न येणारच. शाळेला लेखी अर्ज द्यायला हरकत नाही, महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, पण अर्ज मान्य झालाच नाही तर निदान शनिवारचा क्लास, ट्यूशन, मॉल हे तरी नको. काय चालतं काय नाही याचा पक्का निर्णय हज्जान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) किंवा रब्बींनाच विचारा, तो माझा अधिकार नाही.

आता शिकणं. रोज दहा मिनिटं, जेवणानंतर, टीव्ही लागायच्या आधी. तोराचे (पहिल्या पाच पुस्तकांचे) ५४ पराशा, म्हणजे आठवड्याचे भाग, आहेत, वर्षभरात वाचून होतात, आणि सिमहाथ तोराच्या सणाला शेवट करून लगेच पुन्हा सुरुवात होते, पण त्याची वाट बघत बसू नका, या आठवड्याचा जो असेल तिथूनच धरा. मराठी बायबलमधली उत्पत्तीपासून अनुवादपर्यंतची पहिली पाच पुस्तकं समजून घ्यायला चालतात, फक्त ते भाषांतर ख्रिश्चन मंडळींचं आहे म्हणून टिपा आणि मथळे सोडून नुसता मजकूर वाचा. मराठीत शिकतोय म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, प्लीज. मराठीतली हग्गादा (वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) मुंबईत १८४६ मध्ये छापली गेली, पुण्याला १८७४ मध्ये चित्रांची निघाली, तिच्यात बायका आपल्याकडच्यासारख्या खाली बसून मत्सा (बिनखमिराची रोटी) करतायत. १८८० च्या सुमारास आपले लोक अब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठीत कीर्तनं करायला लागले. सणांना सुद्धा आपली नावं आहेत, नव्याचा सण (रोश हशाना), दरफळणीचा सण (योम किप्पूर), बिरड्याचा सण (तिशा बाव). मुलांना रोश हशाना शिकवा आणि नव्याचा सण पण शिकवा. यूट्यूबवरचं घर न्यूयॉर्कचं असतं, तिथल्या पद्धती चांगल्याच आहेत, पण त्या आपल्या आजीच्या जागी बसवायची गरज नाही. सासऱ्यांची वही, कॅसेट, जुना सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) काही असेल तर शोधा, मोठ्या नणंदेला फोन करा, चाली तिच्याकडे असतील.

हिब्रूची २२ अक्षरं, पाचांची शब्दाच्या शेवटी येणारी वेगळी रूपं. आठवड्याला दोन घेतली तरी तीन-साडेतीन महिन्यांत होतात. तुम्ही आणि मुलगी एकत्र शिका, ती पुढे जाईल, जाऊ द्या. त्सादे हे अक्षर लोकांना अवघड जातं पण आपल्याला 'चाक'मधला च येतो, जवळजवळ तोच. मुलगी बारा वर्षांची होईल तेव्हा बाथ मित्स्वा (मुलगी धर्माच्या दृष्टीने मोठी होते ती वेळ), म्हणजे तुमच्या हातात वर्षभर आहे, तोवर ती किद्दुश वाचून दाखवेल. धाकट्याला झोपताना शेमाची पहिली ओळ, सहा शब्द. मुलांना शिकवा, घरात बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता तेव्हा यांच्याबद्दल बोला, असं त्याच शेमाच्या पुढच्या ओळींत आहे, पहिला शब्दच घरासाठीचा.

दाराच्या चौकटीला मेझुझा (आत शेमाच्या ओळी असलेली डबी) लावणार असाल तर आतला कागद नीट बघून घ्या. ऑनलाइन छापील मिळतात ते चालत नाहीत, चर्मपत्रावर हाताने लिहिलेलाच हवा.

प्रश्न: मी एकटा राहतो, सातपूरला शिफ्ट ड्युटी. नेटवर बघून दाफ योमी सुरू केलं आणि तीन आठवड्यांत मागे पडलो. आता काहीच करावंसं वाटत नाही. मिन्यान, म्हणजे दहा जणांचा गट, नसताना प्रार्थनेला अर्थ आहे का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: दादा, दाफ योमी म्हणजे तालमूदची २७११ पानं, रोज एक, साडेसात वर्षं. १९२३ मध्ये हे सुरू झालं तेव्हापासून मोठमोठे शिकलेले लोकही ग्रुपने आणि शिक्षक धरून करतात. तुम्ही एकटे, रात्रपाळी करून, पायाच नसताना त्यात उतरलात, मागे पडणारच, त्यात तुमचा दोष नाही. त्याऐवजी पराशा घ्या. प्रत्येक पराशाचे सात भाग असतात, रोज एक, बसमध्ये सुद्धा होतो. पहिल्यांदा कळणार नाही, पुढच्या वर्षी तोच भाग परत येतो तेव्हा ओळखीचा वाटतो.

मिन्यान नसेल तर कद्दीश, केदुशा या प्रार्थना आणि सेफेरमधून (हाताने लिहिलेल्या गुंडाळीतून) तोरा वाचणं होत नाही, बाकी शेमा, अमिदा (उभं राहून म्हणायची प्रार्थना) सगळं एकट्याने होतं. रात्रीचा शेमा मध्यरात्रीच्या आत म्हणावा पण राहिलाच तर उजाडेपर्यंत म्हणता येतो, म्हणजे शिफ्टवरही जमेल. उठल्यावर मोदे अनी ही छोटी प्रार्थना म्हणा, बारा शब्द, त्यात देवाचं नाव नाही म्हणून हात धुवायच्या आधी अंथरुणातच म्हणतात. आणि दोन महिन्यांतून एकदा तरी शुक्रवारी दुपारीच निघून ठाण्यात कुणाकडे मुक्काम करा, आधी फोन केलात तर आपले लोक नाही म्हणत नाहीत.

प्रश्न: आम्ही हिंदू, शेजारचं कुटुंब ज्यू आहे. त्यांनी गोड पोहे, खोबरं, फळं असं ताट पाठवलं. तो प्रसाद आहे का, आणि रिकामं ताट परत कसं द्यायचं? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर: तो मलिदा, एलियाहू हानाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने, नवस फेडताना किंवा लग्नाआधी करतात. आनंदाने खा. परत देताना घरी शिजवलेलं नको, त्यांचे खाण्याचे नियम असतात, विचारून घेतलं तरी संकोचाने हो म्हणतील. अख्खी फळं द्या. द्राक्षं तर एकदम चालतील, घडासकट.