स्टार ट्रेकमधल्या ट्रिल पात्रांची यादी करताना जाडझिया डॅक्स आणि एझ्री डॅक्स एक नोंद धरायची की दोन?

दोन नोंदी करा, पण दोन्ही ‘डॅक्स’ या एकाच मथळ्याखाली. घाईत असाल तर एवढं पुरे.

घाई नसेल तर सविस्तर सांगतो, कारण तुमचा प्रश्न साधा वाटतो, की ट्रिल लोकांची यादी करतोय आणि या दोघी एकच कॅरेक्टर धरू का वेगवेगळ्या, पण ही जमातच अशी आहे की एक कॉलम नीट बसवला की दुसरा बोंबलतो. क्लिंगॉन किंवा फेरेंगी या दुसऱ्या जमाती घेतल्या असत्या तर नाव, ॲक्टर, एपिसोड एवढं टाकून एका रविवारात मोकळे झाला असतात. आमचा इथे नाशिकात चार टाळक्यांचा ग्रुप आहे, कॉलेजपासूनचा, आम्ही हौसेने एक्सेल शीट करायला घेतली होती, आणि सगळ्यात जास्त भांडणं ट्रिलच्याच पानावर झाली.

ज्यांनी सिरीयल बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रिल दिसायला माणसांसारखेच, फक्त कपाळाच्या कडेने मानेवरून खाली उतरत जाणारे तपकिरी ठिपके. त्यातल्या काही निवडक लोकांच्या पोटात एक सिम्बायंट ठेवतात, म्हणजे मोठ्या अळीसारखा दिसणारा पण चांगला बुद्धीवाला जीव, जो शेकडो वर्षं जगतो. ज्याच्या पोटात तो असतो तो होस्ट. होस्ट मरायला टेकला की सिम्बायंट काढून पुढच्या होस्टच्या पोटात, आणि आधीच्या सगळ्यांच्या आठवणी नव्या माणसाला आयत्या मिळतात. जोडणी होऊन ९३ तास उलटले की मग सिम्बायंट काढला तर होस्ट फार वेळ जगत नाही. नावात आधी होस्ट, मग सिम्बायंट. जाडझिया ही ती मुलगी आणि डॅक्स हा तिच्या पोटातला.

आता एक का दोन यावर खुद्द सिरीयलमधेच कोर्टकचेरी झालेली आहे. डीप स्पेस नाइन या अंतराळ स्टेशनवर घडणाऱ्या स्टार ट्रेक मालिकेच्या पहिल्याच सीझनमधे, १९९३ साली, ‘डॅक्स’ नावाचाच एपिसोड आहे. क्लेस्ट्रॉन फोर ग्रहावरचा एक माणूस येतो आणि जाडझियाला उचलून न्यायला बघतो, का तर म्हणे खूप वर्षांपूर्वी कर्झन डॅक्सने माझ्या वडिलांचा, जनरल टँड्रोचा, दगाफटका करून जीव घेतला. कर्झन तर मेलेला, पण डॅक्स जिवंत आहे ना, मग शिक्षा कोणाला? स्टेशनवर शंभरी गाठलेल्या एका बाजोर ग्रहावरच्या जज बाईंसमोर सुनावणी होते, आणि स्टेशनचा कमांडर सिस्को तावातावाने मांडतो की कर्झन वेगळा, जाडझिया वेगळी, एकाच्या पापाचं खापर दुसऱ्यावर फोडता येणार नाही. आणि गंमत बघा, हाच सिस्को एरवी उठता बसता जाडझियाला ‘ओल्ड मॅन’ म्हणून हाक मारतो, कारण कर्झन त्याचा जुना दोस्त होता! कोर्टात दोन माणसं, आणि जेवणाच्या टेबलावर एकच. जज बाई निकाल देणार तेवढ्यात जनरलची बायकोच येऊन सांगते की त्या वेळी कर्झन माझ्यासोबत होता, आणि केस तिथेच संपते. मूळ मुद्द्यावर निकाल लागतच नाही. लेखकांनी तो मुद्दाम लोंबकळत ठेवलाय असं मला वाटतं, आणि त्यांनीच सोडवला नाही तर यादी करणाऱ्याने कशाला सोडवायचा, आपल्याला फक्त दोन्ही बाजूंना जागा होईल अशी मांडणी हवी.

ती मांडणी मला सुचली ती पंचवटीत. आमच्या आजीचं दहावं रामकुंडावर केलं तेव्हा काकांनी आमच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी काढून बघितली. ज्यांना माहिती नाही त्यांना सांगतो, इथल्या गुरुजींकडे पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या असतात, आपल्याला आधी नाव विचारतच नाहीत, विचारतात आडनाव काय आणि मूळ गाव कुठलं, की बरोबर ती लांबट लाल कापडात बांधलेली वही बाहेर येते, जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोधीत. मथळा कुळाचा, पण खाली प्रत्येक माणसाची स्वतंत्र ओळ आणि जो आला त्याची स्वतःची सही. आमच्या एका चुलत पणजोबांच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दत्तक, सिन्नर’. म्हणजे माणूस दुसऱ्या घरात गेला तरी या वहीतून खोडला नाही, आणि कुठे शोधायचा तेही सांगून ठेवलं. मी घरी येऊन त्याच रात्री आमची शीट पालथी केली. आधी आम्ही होस्टच्या नावाने अकारविल्हे लावली होती, त्यामुळे एझ्री सुरुवातीला, टोरियास भलतीकडेच आणि लेला तिसऱ्याच टोकाला, बघणाऱ्याला कळायचंच नाही की ही सगळी एका माळेतली आहेत.

तर डॅक्सच्या मथळ्याखाली क्रम असा लागतो: लेला, टोबिन, एमनी, ऑड्रिड, टोरियास, जोरन, कर्झन, जाडझिया, एझ्री. नऊ. पण हा नऊ आकडा सुरुवातीला नव्हता हे लक्षात ठेवा. जोरन मधे नंतर घुसवलाय. तिसऱ्या सीझनच्या ‘इक्विलिब्रियम’मधे जाडझियाला भास व्हायला लागतात, डोक्यात एक धून वाजत राहते, आणि मग कळतं की टोरियास आणि कर्झनच्या मधे जोरन नावाचा एक संगीतकार होस्ट होता, तो खुनी निघाला, आणि ट्रिलच्या सिम्बायोसिस कमिशनने त्याची नोंदच गायब केली आणि डॅक्सच्या आठवणीतूनही तो दाबून टाकला. का? कारण हजारात एखादाच ट्रिल सिम्बायंटला लायक असतो असं ते लोकांना सांगत आले होते, प्रत्यक्षात जवळपास निम्मी जनता लायक आहे. हे बाहेर पडलं तर सिम्बायंट थोडे आणि गिऱ्हाइकं फार, नुसती झुंबड. जोरनसारखा नालायक माणूससुद्धा महिनोन्महिने व्यवस्थित जोडला गेला होता हाच तर त्यांच्या खोटेपणाचा पुरावा. म्हणून माझं म्हणणं, जोरनच्या ओळीत ‘कोणत्या एपिसोडपासून माहीत’ असा कॉलम टाकाच, नाहीतर पहिल्या दोन सीझनमधले जाडझियाचे डायलॉग आणि तुमची यादी जुळणार नाही आणि कोणीतरी कमेंट करून डोकं खाईल.

उलट केस व्हेराडची. दुसऱ्या सीझनमधे ‘इन्व्हेझिव्ह प्रोसिजर्स’ नावाचा एपिसोड आहे, त्यात होस्ट म्हणून नापास झालेला हा व्हेराड स्टेशनवर घुसतो आणि बंदुकीच्या धाकावर डॉक्टर बशीरकडून जाडझियाच्या पोटातला डॅक्स स्वतःच्या पोटात बसवून घेतो. थोडा वेळ तो खराखुरा व्हेराड डॅक्स असतो, सिस्कोशी जुन्या आठवणी काढून बोलतो, बघताना अंगावर काटा येतो कारण त्या आठवणी खोट्या नाहीत ना. नंतर डॅक्स परत जाडझियाकडे. पण एझ्रीला नववी म्हणतात तेव्हा व्हेराड मोजलेला नसतो. आम्ही त्याला डॅक्सखालीच ओळ दिली, क्रमांकाचा रकाना मोकळा सोडला. आमच्यातला एक अजून म्हणतो की चोराला घरच्यांच्या यादीत कशाला घेता. मी म्हणतो चोर असला तरी डॅक्सला तो आठवतो, मग वहीत ओळ पाहिजेच.

ॲक्टरचा कॉलम एका ओळीत एकच नाव असा ठेवू नका. ‘फॅसेट्स’ नावाचा एपिसोड १९९५ चा, त्यात झियान्तारा नावाचा विधी आहे, जुन्या होस्टच्या आठवणी थोड्या वेळासाठी स्टेशनवरच्या मित्रांच्या अंगात उतरवायच्या म्हणजे नव्या होस्टला त्यांना समोरासमोर भेटता येतं. लेला कीराच्या अंगात, टोबिन ओब्रायनच्या, एमनी लीटाच्या, ऑड्रिड चक्क क्वार्कच्या (हे बघाच), टोरियास बशीरच्या, जोरन सिस्कोच्या, आणि कर्झन ओडोच्या. त्यातला सिस्को कोठडीत बसून जोरन होतो तो सीन त्या ॲक्टरच्या सगळ्या सिरीयलमधल्या चांगल्या सीनपैकी एक आहे. तर एकट्या जोरनचे तीन ॲक्टर झाले: इक्विलिब्रियममधे जेफ मॅग्नस मॅकब्राइड, जो खऱ्या आयुष्यात जादूगार आहे, फॅसेट्समधे एव्हरी ब्रूक्स, म्हणजे सिस्को करणारा, आणि सातव्या सीझनला ‘फील्ड ऑफ फायर’मधे ली मॅक्लॉस्की, जिथे एझ्री एक खुनी शोधायला मुद्दाम आपल्या आतल्या खुन्याला जागा करते. कर्झनही पहिल्याच ‘एमिसरी’ एपिसोडमधे मरताना क्षणभर दिसतो, तो ॲक्टर वेगळा, ओडोवाला वेगळा. आम्ही ‘शरीर कोणाचं’ असा एक जादा कॉलम केला आणि पुष्कळ गोंधळ मिटला.

एझ्रीचं तुम्ही खास विचारलंय म्हणून. तिची मूळ ओळख एझ्री टिगन, होस्ट व्हायची ना तयारी ना इच्छा. जाडझिया १९९८ मधे सहाव्या सीझनच्या शेवटी मारली गेली, डॅक्सला जहाजाने ट्रिलला नेताना त्याची तब्येत बिघडली आणि जहाजावर ट्रिल एवढी एकच, म्हणून घाईघाईत बसवला. नंतर ‘प्रॉडिगल डॉटर’मधे तिची आई आणि दोन भाऊ दिसतात, सगळे बिनसिम्बायंटचे. म्हणून एझ्रीची मुख्य नोंद डॅक्सखाली, आणि टिगन घराण्याखाली नुसतं ‘पाहा: डॅक्स’. आमच्या पणजोबांचं सिन्नर, तसं. आणि या दोघींना एक धरायचा मोह होतो तो डॅक्स म्हणून, पण जाडझिया पैजा लावणारी, क्लिंगॉन वर्फशी लग्न केलेली, आणि एझ्रीला सुरुवातीला अंतराळात मळमळतं. वर्फला पण तिच्याशी कसं वागावं हे कळत नाही. एका ओळीत कोंबलंत तर हे सगळं जातं.

पण मथळा एकच का, हे बघायचं असेल तर ‘रिजॉइन्ड’ बघा, तोही १९९५ चाच. टोरियास डॅक्सची बायको होती निलानी कान. दोघंही गेले, सिम्बायंट पुढे आले, आणि आता जाडझिया डॅक्स आणि लेनारा कान समोरासमोर येतात, दोघी बायका, आणि जुनं प्रेम जसंच्या तसं. ट्रिल समाजात आधीच्या होस्टचं नातं पुन्हा जोडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा, शिक्षा म्हणजे हद्दपारी, आणि हद्दपार झालं की सिम्बायंट त्या होस्टबरोबरच संपणार. समाजाचा कायदाच जर सिम्बायंटवर बेतलेला असेल तर यादीनेही तिथूनच सुरुवात करायला हवी. कानचा मथळा वेगळा करा, खाली निलानी आणि लेनारा. लेनाराचा भाऊ बेजल मात्र सिम्बायंट नसलेल्यांच्या पानावर.

आता सगळ्यात नाठाळ नोंद, ओडान. हा पडद्यावरचा पहिला ट्रिल, नेक्स्ट जनरेशन या आधीच्या मालिकेतल्या ‘द होस्ट’मधला, १९९१. याच्या कपाळावर उंचवटे, ठिपके नाहीत, ट्रान्सपोर्टरने जाता येत नाही, आणि नाव एकच, कारण तिथे होस्ट म्हणजे नुसतं अंगरखा घातल्यासारखं, बोलतो तो सगळा सिम्बायंट. होस्ट मेल्यावर तो थोडा वेळ एंटरप्राइज जहाजावरच्या रायकर या अधिकाऱ्याच्या पोटात, मग करील नावाच्या बाईच्या. डीप स्पेस नाइनच्या वेळेला जाडझिया करणाऱ्या टेरी फॅरेलवर आधी कपाळाचे उंचवटे लावून बघितले, ते काही जमलं नाही, मग मेकअपवाल्या मायकल वेस्टमोरने ‘द परफेक्ट मेट’मधल्या बाईसारखे ठिपके रंगवले, आणि नियमही बदलले. शिवाय कर्झन इतका गाजलेला राजदूत होता तर एंटरप्राइजच्या डॉक्टरणीला ट्रिलच्या पोटात काय असतं हे माहीतच कसं नव्हतं, हे कोणी विचारू नये. मी ओडानला जोडजुगाड करून डॅक्सच्या साच्यात बसवत नाही, मथळा ओडान, खाली पहिला होस्ट नाव न दिलेला, मग रायकर (तात्पुरता), मग करील, आणि शेऱ्यात ‘जुने नियम’.

डिस्कव्हरी ही स्टार ट्रेकची नंतरची मालिका अजून बघितली नसेल तर इथे थांबा, पुढे स्पॉयलर आहे. तिथे २०२० च्या तिसऱ्या सीझनला एडीरा टाल येते, आणि ती ट्रिल नाहीच, माणूस आहे, पोटात टाल. एडीराला मराठीत ती म्हणावं का ते यावर आमच्यात अर्धा तास गेला, कारण सिरीयलमधे इंग्रजीत ना ‘ही’ ना ‘शी’, ‘दे’ (they) म्हणतात. आधीचा होस्ट ग्रे टाल मेलेला, पण एडीराला दिसत राहतो, आणि चौथ्या सीझनला त्याला कृत्रिम शरीर मिळतं. म्हणजे माजी होस्ट जिवंत, वेगळा, सिम्बायंटशिवाय. जमात या कॉलममधे एडीरासमोर ‘मानव’ लिहा आणि टालखालीच ठेवा, ग्रेला टालखाली क्रमांक द्या आणि शेऱ्यात नंतरचं शरीर लिहा. पाचव्या सीझनला बिक्स सिम्बायंटचा जुना होस्ट जिनाल झियान्तारा करून डॉक्टर कल्बरच्या अंगात येतो, त्याला फॅसेट्सवालाच कॉलम लागू पडतो.

गुहेत सिम्बायंट सांभाळणारे गार्डियन, होस्ट व्हायला शिकणारा आर्जिन, ‘डॅक्स’मधे साक्ष द्यायला आलेले मंत्री पीअर्स, कमिशनच्या डॉक्टर रेन्होल, असे बरेच सुटे लोक उरतात. त्यांना शेवटी एक साधं अकारविल्हे पान करा, आणि ज्याच्या पोटात काही आहे का हे पडद्यावर सांगितलेलं नाही त्याच्यासमोर रकाना कोरा सोडा, अंदाजाने भरू नका. तुमची शीट तयार झाली की व्हेराड कुठे टाकला तेवढं मला नक्की कळवा, इथला वाद अजून मिटलेला नाही.