ड्रामा फिल्मच्या ट्रेलरमध्ये जॉनरचे संकेत पाळायचे आणि मोडायचेही, म्हणजे नेमकं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टच्या ट्रेलरमध्ये ड्रामा या जॉनरचे (सिनेमाच्या प्रकाराचे) संकेत, म्हणजे ठरलेल्या रूढी, दिसले पाहिजेत आणि त्यांना आव्हानही दिलं पाहिजे, अशी अट आहे. आणि शेवटी एक धक्कादायक ट्विस्ट टाकला की काम होईल, असं तुमच्या टीमला वाटतंय. मी विद्यार्थ्यांकडून ट्रेलर एडिट करून घेते, म्हणून स्पष्टच सांगते: ट्विस्ट नको. ट्विस्ट कथेत असतो. संकेत मोडायचा तो सांगण्याच्या पद्धतीत.

हॉरर ओळखायला एक अंधारा जिना पुरतो, वेस्टर्नला घोडा आणि टोपी. ड्रामाकडे अशी हुकमी चित्रं नाहीत. घर, चेहरे, भांडणं सगळ्याच जॉनरमध्ये असतात. त्यामुळे ड्रामाचा ट्रेलर ओळखू येतो तो लयीवरून. चेहऱ्यावर जरा जास्त रेंगाळणारा क्लोज-अप, एका दृश्यातला संवाद दुसऱ्याच दृश्यावर ऐकू येणं, एकट्या पियानोपासून चढत जाणारं संगीत, मध्येच काळा पडदा आणि त्यावर एखादी ओळ, शेवटच्या टप्प्यात भराभर कट, मग नाव. हॉलिवूडचे थिएटरमधले ट्रेलर साधारण अडीच मिनिटांचे असतात आणि त्यात हा चढ बहुतेकदा ठरलेला असतो.

चित्रपट-अभ्यासक स्टीव्ह नील यांनी १९८० मध्ये मांडलं की जॉनर पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर उभा असतो. रिक ऑल्टमन यांनी १९८४ मध्ये आणखी एक उपयोगी भेद केला: जॉनरमध्ये दिसणारे घटक वेगळे आणि त्या घटकांची जुळणी वेगळी. विद्यार्थी बहुतेकदा फक्त घटक बदलतात. आईच्या जागी आजी, पावसाच्या जागी ऊन. याला आव्हान म्हणता येत नाही. जुळणीला हात घाला.

समजा, तुमची गोष्ट बऱ्याच वर्षांनी घरी आलेल्या मुलीची आणि तिच्याशी न बोलणाऱ्या वडिलांची आहे. पहिलं मिनिट अगदी रीतसर करा: पियानो, क्लोज-अप, अर्धवट तुटलेले संवाद, काळा पडदा. मग संगीत चढू द्या. ज्या ठोक्यावर मोंताज (भराभर कट होत जाणाऱ्या शॉट्सची मालिका) सुरू व्हायला हवा, नेमकं तिथेच ते तोडा आणि एकच शॉट ठेवा. कॅमेरा स्थिर. वडील शर्टाचं बटण लावताहेत, बोटांना ते जमत नाहीये. मुलगी दारात उभी आहे आणि पुढे येत नाही. दहा-बारा सेकंद कट नाही. प्रेक्षक मोंताजसाठी तयार झालेला असतो, म्हणून हे दहा सेकंद त्याला टोचतात. सुरुवातीपासूनच संगीत नसतं तर त्याने कशाचीच वाट पाहिली नसती आणि ट्रेलर नुसता संथ वाटला असता.

इथे आवाजाकडे फार लक्ष द्या. संगीत काढल्यावर ट्रॅक पूर्ण रिकामा ठेवला तर फाइल बिघडली असं वाटतं. शूटिंगच्याच खोलीत, सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट रूम टोन, म्हणजे त्या खोलीच्या शांततेचा आवाज, रेकॉर्ड करा आणि तो खाली घाला. त्यावर कापडाची सळसळ आणि श्वास. विद्यार्थ्यांच्या कामात हीच गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण ती फुकट मिळते.

भारदस्त आवाजातला निवेदक वगळला, हे आव्हान म्हणून लिहू नका. तो कधीच मागे पडलाय. कोण रडतं आणि कोण गप्प राहतं, हे उलटं करणं मात्र चांगलं, पण कथेला त्याची गरज असेल तरच.

एकाच वेळी सगळे संकेत मोडायला जाऊ नका. एक मोडा, बाकीचे नीट सांभाळा. लेखी स्पष्टीकरणात त्या जागेचा टाइमकोड (कितव्या मिनिट-सेकंदाला ते) द्या, तिथे प्रेक्षकाला काय अपेक्षित होतं ते लिहा आणि तुम्ही काय दिलं ते लिहा. त्याआधी चार-पाच ट्रेलर घेऊन प्रत्येक शॉट किती सेकंदांचा आहे ते नोंदवा, म्हणजे ‘अपेक्षित होतं’ या म्हणण्याला आधार मिळेल.

शेवटी, कथा माहीत नसलेल्या कुणाला तरी ट्रेलरचा फक्त पहिला अर्धा भाग दाखवा आणि हा कोणत्या प्रकारचा सिनेमा आहे ते विचारा. उत्तर थ्रिलर आलं, तर मोडतोड बाजूला ठेवून आधी तो अर्धा भाग पुन्हा कापायला बसा.