आधी गाडीतळावर जा

पोरी, अनेक आशीर्वाद.

साखर कारखान्याचा शाश्वततेचा अहवाल तुझ्या गळ्यात पडलाय, आणि साहेब म्हणतात, संयुक्त राष्ट्रांच्या सतराही शाश्वत विकास ध्येयांशी जुळणी दाखव. दाखवू नकोस. ज्याला सतराही जमतात, त्याचं एकावरही काम नसतं, असं माझं मत. (मीही एकदा त्या ध्येयांचं रंगीत चक्र मोठ्या हौसेनं ऑफिसच्या दारावर लावलं होतं.)

२०१५ साली १९३ देशांनी मान्य केलेल्या या १७ ध्येयांखाली १६९ लक्ष्यं आहेत. जुळणी करायची ती लक्ष्यांशी. ध्येय इतकं ऐसपैस की त्यात वृक्षारोपणाचा फोटोही बसतो.

लक्ष्य ६.४ घे, पाण्याचा कार्यक्षम वापर. उसाच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून तेच पाणी फिरवलं, तर कारखान्याला बाहेरचं पाणी थोडंच लागतं. हे कराच. पण तिथंच थांबलात तर हिशेब खोटा. खरं पाणी फडात जातं, वर्षभर नि वर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आपल्याच लातूरला. तेव्हा सभासदांचा किती ऊस ठिबकवर, किती मोकळ्या पाण्यावर, ते शेतकी विभागाला विचार. ऊस नोंदीत तो रकानाच नसेल तर घालायला लाव.

दुसरं ८.८. सुरक्षित कामाबद्दलच्या या लक्ष्यात स्थलांतरित मजूर, त्यातही बायका, असा स्पष्ट उल्लेख आहे. वाचलं तेव्हा मला आमचा गाडीतळ, म्हणजे ऊसतोड मजुरांचा तळ, दिसला. पाचटाच्या कोप्या, सगळ्यांत मिळून एक नळ, आणि उजाडायच्या आत डबे घेऊन उसाच्या आडोशाला निघालेल्या बायका. बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, होते. त्या वर्षी आमच्या अहवालात ‘स्वच्छता’ या मथळ्याखाली गावातल्या शाळेला बांधून दिलेली स्वच्छतागृहं होती, फोटोसकट. गाडीतळाची एक ओळ नाही. मजूर मुकादमाचे, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचे, आपले नव्हेत, हे उत्तर तयारच असायचं. तुलाही तेच मिळेल. वाद घालू नकोस. मुकादमाला द्यायची आगाऊ उचल कुणाच्या खात्यातून निघते, एवढंच अकाउंटला विचार.

यंदा गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू व्हायच्या आधी गाडीतळावर संडास किती, नळ किती, रात्री दिवा कुठवर पोचतो, ते स्वतः फिरून बघ आणि मला लिही.