कॉफी शॉपमध्ये आपल्याला हवी तशी कॉफी कशी मागवायची? काउंटरवर गेलं की गोंधळ उडतो.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला कडक आणि कमी गोड कॉफी आवडते, पण मागची रांग बघून "एक कॅपुचिनो" म्हणता आणि मोकळे होता. कॉलेजात असताना मी पुण्यातल्या एका कॅफेत दीड वर्ष काउंटरमागे उभा होतो, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो.

टपरीवर आपण बिनदिक्कत म्हणतोच ना, "दोन कटिंग, एक बिनसाखरेचा, आलं जरा जास्त"? इथेही तेच करायचंय. फक्त क्रम सांभाळा: कप केवढा, गरम की थंड, पेयाचं नाव आणि शेवटी तुमचे बदल. समोरचा मुलगा साधारण याच क्रमाने बटणं दाबत असतो. बदल आधी आणि नाव शेवटी आलं की त्याला सगळं परत विचारावं लागतं. मग आपल्याला उगाच वाटतं की आपलंच काहीतरी चुकलं.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो 'स्ट्राँग' हा शब्द. एका काकांनी लाते, म्हणजे भरपूर दुधाची कॉफी, दोनदा परत पाठवली होती. "स्ट्राँग नाहीये." आम्ही शॉट, म्हणजे कॉफीच्या अर्काचं माप, वाढवत गेलो, काका वैतागत गेले. तिसऱ्या खेपेला उलगडा झाला की त्यांना कॉफी उकळती हवी होती! कॅफेत दूध साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात, त्यापुढे त्याची चव बिघडायला लागते. घरी उतू जाणाऱ्या दुधाची कॉफी प्यायलेल्या माणसाला ती कोमटच लागणार. तुमचंही तसं असेल तर सरळ 'एक्स्ट्रा हॉट' म्हणा.

कडकपणाच हवा असेल तर "एक शॉट जास्त" म्हणा. शॉट म्हणजे साधारण ३० मिली एस्प्रेसो, यंत्राने दाबाखाली काढलेला कॉफीचा दाट अर्क. मोठा कप घेतला म्हणजे कॉफी वाढतेच असं नाही, बरेचदा नुसतं दूध वाढतं. स्टारबक्सच्या मूळ अमेरिकी मापांत ४७३ मिलीच्या 'ग्रांदे' कपात आणि ५९१ मिलीच्या गरम 'व्हेंटी' कपात, लाते घेतलीत तर दोन्हीकडे शॉट दोनच. म्हणजे पैसे जास्त देऊन कॉफी आणखी पातळ! तुमच्यासारख्याने छोटा कप घ्यावा आणि त्यात शॉट वाढवावा.

आता गोडाचं. साध्या लाते, कॅपुचिनो, अमेरिकानोत (एस्प्रेसोत गरम पाणी) सहसा साखर घातलेलीच नसते, पुड्या वेगळ्या मिळतात. गोडवा येतो तो सिरपमुळे. हेझलनट, व्हॅनिला वगैरे सिरप पंपाने मोजून घालतात, त्यामुळे "सिरप अर्धंच घाला" हे अगदी सहज करता येतं. मोकाचं मात्र तसं नाही. त्यातला चॉकलेट सॉसच गोड असतो, तेव्हा 'बिनसाखरेचा मोका' मागितलात तर मुलगा नम्रपणे हसेल आणि गोडच मोका देईल. बऱ्याच ठिकाणी फ्रॅपेचंही (बर्फासोबत घुसळलेली थंड कॉफी) मिश्रण आधीच गोड असतं. आणि ओट मिल्क म्हणजे बिनगोड, असंही समजू नका. ते करताना ओट्समधल्या स्टार्चची काही प्रमाणात साखर होते. घरात कुणाला डायबिटीस असेल तर हे लक्षात ठेवा.

सोया दूध गरम कॉफीत कधीकधी फाटतं. तो कॉफीच्या आंबटपणाचा प्रताप, त्या पोराचा दोष नाही. कोल्ड ब्रू म्हणजे कॉफीची पूड थंड पाण्यात बारा-बारा तास भिजवून आधीच तयार ठेवलेलं असतं, त्यामुळे "हेच डिकॅफ (बिनकॅफिनचं) करून द्या" म्हणून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र रांग कितीही मोठी असली तरी थांबून सांगा: सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी. बदामाचं दूध अनेकदा साध्या दुधाच्याच वाफेच्या नळीवर तापवतात. जग आणि नळी धुऊन घ्या म्हटलंत तर कोणी रागावत नाही. पण अ‍ॅलर्जी तीव्र असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, दुसरं काहीतरी प्या.

पैशांचं म्हणाल तर बर्फ कमी किंवा सिरप कमी करायला सहसा काही लागत नाही. जास्तीचा शॉट आणि वेगळं दूध मात्र बऱ्याच ठिकाणी बिलात चढतं, तेव्हा कार्ड पुढे करण्याआधी आकडा विचारून घ्या.

तुमच्यासाठी वाक्य असं: "एक स्मॉल, गरम लाते, एक शॉट जास्त, सिरप नको." एका दमात म्हणून होतं.