महापालिकेला एक्सवर टॅग करून रस्त्याच्या खर्चाची माहिती मागितली, तर तो माहिती अधिकाराचा अर्ज धरतात का?

नाही, ती फक्त तक्रार ठरते. माहिती अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 6(1) नुसार अर्ज लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने, जन माहिती अधिकाऱ्याकडे आणि फी भरूनच करावा लागतो. पोस्टमध्ये फी नसते आणि हँडल बहुतेकदा जनसंपर्क विभाग चालवतो. म्हणून उत्तराची 30 दिवसांची मुदत सुरूच होत नाही, आणि मुदत नाही म्हणजे अपीलही नाही.

महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा (दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ). एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. ऑनलाइन पोर्टलही आहे, पण आपली महापालिका त्यावर आहे का ते आधी पाहा.

"रस्ता का खचला?" असं विचारू नका, कारणं लिहून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा:

- कार्यादेशाची (कंत्राटदाराला दिलेल्या कामाच्या लेखी आदेशाची) प्रत
- मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदवहीची) संबंधित पानं
- अदा केलेली देयकं
- दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) कधी संपतो ते दाखवणारी कराराची पानं

30 दिवसांत उत्तर नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

पोस्ट अगदीच वाया जात नाही, मात्र. तिला तक्रार क्रमांक मिळाला असेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जात "या क्रमांकावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत" एवढंच मागा. अशी नेमकी मागणी टोलवणं अवघड जातं.